पितळी पातेल्यापासून पाच रुपयांच्या पुडीपर्यंत : नारायणगुडा, वस्तीची गरिबी आणि मुलांचे यकृत

गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत भारतीय मुलांच्या यकृताला तीन निरनिराळ्या आजारांनी ग्रासले, आणि या तिन्हींचा क्रम पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. दर वेळी आजाराचे मूळ आधी मुलाच्या रक्तात, घराण्यात किंवा आईच्या हयगयीत शोधले गेले, आणि बऱ्याच उशिरा ते मुलाच्या भोवतालच्या वस्तूंत, बाजारात आणि अन्नात सापडले. पहिला आजार पितळेच्या भांड्यातून आला, दुसरा उपासमारीतून, आणि आज वाढत असलेला तिसरा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला ‘फॅटी लिव्हर’, पोट भरणाऱ्या पण पोषण न करणाऱ्या अन्नातून. हैदराबादच्या नारायणगुडा भागाच्या आसपास या इतिहासाशी संबंधित अनेक संस्था आजही उभ्या आहेत, त्यामुळे गरीब वस्ती आणि मुलाचे यकृत यांचे नाते तपासण्यासाठी हा परिसर सोयीचा ठरतो.

नारायणगुडा हा भाग मूसी नदीच्या उत्तरेस, काचीगुडा, हिमायतनगर, बरकतपुरा आणि चिक्कडपल्ली यांच्या मधोमध येतो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसीला आलेल्या महापुराने जुन्या शहरातील हजारो माणसे आणि घरे वाहून नेली, त्यापाठोपाठ १९११ साली प्लेगने शहर हैराण केले, आणि १९१२ मध्ये सातव्या निजामांच्या राजवटीत नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. दाट, अंधाऱ्या वस्त्या मोकळ्या करणे, रस्ते रुंद करणे, गटारे बांधणे आणि हवेशीर घरे उभारणे हे या मंडळाचे काम होते. रोगाचा बंदोबस्त एकेका रोग्याच्या खाटेपाशी न करता संपूर्ण मोहल्ल्याच्या पातळीवर करावा लागतो, ही कल्पना हैदराबादच्या कारभारात या काळात रुजली. रोग वस्तीत राहतो हे प्लेगच्या बाबतीत सहज पटणारे होते, कारण उंदीर आणि पिसवा डोळ्यांना दिसत होत्या.

शहर उत्तरेकडे पसरू लागले तसा नारायणगुडा भागात शिकलेल्या मध्यमवर्गाचा वावर वाढला आणि त्याबरोबर शिक्षणसंस्थाही आल्या. उर्दू हे राज्यकारभाराचे आणि उच्च शिक्षणाचे माध्यम असलेल्या काळात तेलुगू मुलींसाठी झटणाऱ्या माडपाटी हनुमंतराव यांच्या नावाची कन्याशाळा येथे आहे, तसेच राजा बहादूर वेंकटरामा रेड्डी यांच्या नावाचे महिला महाविद्यालयही आहे. मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे नाव न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांचे. आजच्या परभणी-हिंगोली भागातून आलेले कोरटकर (१८६७–१९३२) निजामाच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, आर्य समाजाचे आणि शिक्षणप्रसाराचे धुरीण म्हणून ओळखले गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १९४० साली त्यांचे पुत्र विनायकराव विद्यालंकार यांच्या पुढाकाराने केशव मेमोरियल ही संस्था नारायणगुड्यात सुरू झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग असल्याने परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद या भागांतील मराठी कुटुंबे वकिली, नोकरी आणि शिक्षणासाठी येथे येत, आणि सुलतान बाजार, काचीगुडा, नारायणगुडा या पट्ट्यात त्यांची बिऱ्हाडे असत.

याच भागात प्रतिबंधक वैद्यक संस्था आहे. हैदराबादकर तिला ‘आयपीएम’ म्हणून ओळखतात, आणि कुत्रा चावला की इंजेक्शनासाठी, परदेशी जायचे असले की पीतज्वराच्या लशीसाठी तिथे जातात. लशी, पिण्याच्या पाण्याची आणि अन्नाची तपासणी, रक्तपेढी ही तिची ठळक कामे. संसर्गजन्य रोगांच्या शतकाची ती प्रतिनिधी आहे. देवी, पटकी, रेबीज या रोगांना ओळखता येणारा शत्रू होता, तो कुपीत धरता येत होता आणि सुईने हरवता येत होता. मुलाच्या यकृताचे तिन्ही मोठे आजार मात्र या चौकटीत बसणारे नव्हते. त्यांना जंतू नव्हता, आणि म्हणूनच त्यांची दखल घ्यायला वेळ लागला.

यांपैकी पहिला आजार ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ या नावाने वैद्यकीय ग्रंथांत आला. सिऱ्हॉसिस म्हणजे यकृताच्या पेशी मरून त्यांच्या जागी तंतूंचे जाळे होणे आणि यकृत कडक पडणे. १८८७ मध्ये कोलकात्यातून त्याचे पहिले वर्णन झाले. साधारण एक ते तीन वर्षांच्या मुलाचे पोट फुगू लागे, तपासताना यकृताची कडा पानासारखी पातळ आणि धारदार लागे, पुढे कावीळ होई, पोटात पाणी साठे, आणि बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. एकाच घरात एकापाठोपाठ दोन-तीन मुले जात, म्हणून हा घराण्याचा दोष मानला गेला. मराठी घरांत ‘पोराला लिव्हर झाली’ एवढे म्हटले की पुढचे सगळे कळत असे, आणि मद्रासची ‘जम्मीज लिव्हरक्युअर’सारखी औषधे दूरदूरच्या गावांत मागवली जात. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की हा आजार सर्वांत गरीब घरांचा नव्हता. खेड्यांतल्या आणि लहान शहरांतल्या बऱ्या स्थितीतील हिंदू कुटुंबांत तो अधिक दिसे.

कोडे सुटण्यास सुरुवात १९७० च्या दशकाच्या अखेरीस झाली. या मुलांच्या यकृताच्या नमुन्यांत तांब्याचे प्रमाण नेहमीच्या अनेक पट असल्याचे दिसून आले. त्यानंतर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालयकृततज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासह आजारी मुलांच्या खाण्यापिण्याची बारकाईने चौकशी केली, आणि १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधाने बोट ठेवले ते दुधाच्या भांड्यावर. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. कल्हई, म्हणजे भांड्याच्या आतल्या बाजूला दिलेला कथलाचा पातळ थर, उडालेल्या पितळी पातेल्यात दूध तापवले आणि तासन्‌तास ठेवले की दुधातील केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते. आईचे दूध लवकर तोडून वरचे दूध सुरू केलेल्या बाळाच्या यकृतात हे तांबे दिवसेंदिवस साठत जाते. गरीब आई मूल अंगावर जास्त काळ पाजत असे, आणि तिच्या घरात पितळी भांडीही कमी असत, म्हणून तिचे मूल तुलनेने वाचत असे. स्टीलची भांडी घरोघर पोहोचली आणि अंगावरच्या दुधाचा प्रचार वाढला तसा हा आजार एका पिढीत दुर्मीळ झाला. औषधानेही, विशेषतः पेनिसिलामिन या तांबे बाहेर काढणाऱ्या औषधाने, लवकर आलेली काही मुले वाचली, परंतु आजार हटला तो स्वयंपाकघरातील मांडणी बदलल्यामुळे.

दुसरा आजार याच्या अगदी उलट वर्गातला. १९३३ मध्ये सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी त्या वेळच्या गोल्ड कोस्टमधून, म्हणजे आजच्या घानामधून, धाकटे भावंड आल्यावर अंगावरचे दूध तुटलेल्या आणि केवळ पिठूळ पेजेवर वाढणाऱ्या मुलांच्या आजाराचे वर्णन केले. त्याला पुढे क्वाशिओरकोर हे नाव रूढ झाले. अंगाला सूज, केसांचा तांबूस रंग, सोलवटणारी कातडी आणि मेदाने भरलेले यकृत ही त्याची लक्षणे होत. १९४८ साली जॉन वॉटरलो यांनी वेस्ट इंडीजमधील बालकांवर प्रसिद्ध केलेल्या अहवालाचे शीर्षकच मुळी बालकांतील मेदयुक्त यकृताविषयी होते. म्हणजे ‘मुलांचा फॅटी लिव्हर’ हा शब्दप्रयोग वैद्यकात प्रथम लठ्ठपणाच्या संदर्भात आलेला नसून दारिद्र्याच्या संदर्भात आलेला आहे. यामागचे शरीरशास्त्र असे की यकृतात तयार होणारा मेद रक्तात पाठवण्यासाठी त्याला प्रथिनाचे वेष्टन लागते. प्रथिनच नसेल तर माल तयार होऊनही वाहून नेणारी गाडी मिळत नाही, आणि मेद यकृतातच साठून राहतो.

या आजाराच्या अभ्यासाचे भारतातील महत्त्वाचे केंद्र नारायणगुड्यापासून काही किलोमीटरवर, उस्मानिया विद्यापीठाच्या परिसराला लागून असलेली राष्ट्रीय पोषण संस्था. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी नीलगिरीतील कुन्नूर येथे बेरीबेरीच्या चौकशीसाठी एक लहान केंद्र सुरू केले. ते वाढत वाढत पोषण संशोधन प्रयोगशाळा झाले, १९५८ साली हैदराबादेत आले आणि १९६९ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. हे स्थलांतर झाले त्या काळात संस्थेचे संचालक व्ही. एन. पटवर्धन हे मराठी संशोधक होते. त्यांच्यानंतर आलेल्या सी. गोपालन यांनी दाखवून दिले की एकाच गावातल्या, जवळपास एकच आहार घेणाऱ्या मुलांपैकी एकाचे अंग सुकत जाते तर दुसऱ्याला क्वाशिओरकोर होतो. त्यामुळे प्रश्न केवळ प्रथिनाचा नसून एकूण अन्नाचाच तुटवडा, वारंवारचे जुलाब-गोवर आणि शरीराची जुळवून घेण्याची मर्यादा यांचा आहे. ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनी गरिबांत दिसणाऱ्या पेलाग्रा या आजाराविषयी गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलेला विचारही याच धर्तीचा होता : आजार शोधायचा तर ताटात पाहा, आणि ताट समजायचे तर ते भरणारी जमीन आणि मजुरी पाहा.

संस्थेने सुचवलेले उपाय औषधाच्या दुकानातले नव्हते. ‘हैदराबाद मिक्स’ नावाने पोषणाच्या पाठ्यपुस्तकांत गेलेले मिश्रण पाहण्यासारखे आहे : ४० ग्रॅम भाजलेले गहू, १६ ग्रॅम भाजलेली हरभरा डाळ, १० ग्रॅम भुईमुगाचे दाणे आणि २० ग्रॅम गूळ. यातून सुमारे ३३० किलोकॅलरी आणि ११ ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात, आणि एकही पदार्थ दळणाच्या व किराणा दुकानाबाहेरचा नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मुलांना वाटलेली सुकडी याच जातकुळीची. मुलाला इस्पितळात आणून बरे करण्यापेक्षा त्याच्या वस्तीतच त्याला खायला घालावे, हा विचार यातून पुढे आला. १९६७ मध्ये हैदराबाद महानगरपालिकेने नागरी समुदाय विकास प्रकल्प सुरू केला. त्याचा घटक होता बस्ती, म्हणजे हैदराबादी बोलीत दाट आणि बहुधा गरीब वसाहत. तिथे बालवाड्या, महिलांचे गट, पाणी आणि गटारांची कामे एकत्र हाती घेतली गेली, आणि हा प्रयोग देशभर नमुना म्हणून गाजला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी आली. लसीकरण, पूरक आहार आणि १९८३ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दिलेला दोन रुपये किलोचा तांदूळ यांनी मिळून भुकेची धार बोथट केली, आणि सुजलेल्या अंगाचे, मेदाने भरलेल्या यकृताचे मूल वॉर्डांत क्वचितच दिसू लागले.

तिसरा आजार नेमका याच टप्प्यावर पुढे येतो. दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातील मेदजन्य दाहाला १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी नाव दिले, आणि १९८३ मध्ये तो लठ्ठ मुलांत नोंदला गेला. यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत मेद साठला की त्याला मेदयुक्त यकृत म्हणतात. २०२३ पासून तज्ज्ञांनी त्याच्या नावातून ‘अल्कोहोल’चा उल्लेख काढून चयापचयाचा, म्हणजे अन्नाचे ऊर्जेत आणि साठ्यात रूपांतर करण्याच्या क्रियेचा, उल्लेख आणला. क्वाशिओरकोरमध्ये मेद बाहेर जाऊ शकत नव्हता. येथे तो गरजेपेक्षा जास्त तयार होतो. साखर आणि पांढऱ्या पिठाचा भडिमार झाला, हालचाल कमी पडली, की स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात, रक्तातील इन्शुलिन वाढते आणि यकृत जास्तीच्या साखरेचा मेद बनवत राहते. सरबते आणि शीतपेयांतील फळसाखर, म्हणजे फ्रुक्टोज, तर जवळजवळ थेट यकृताकडेच जाते. आजार बराच काळ मुका असतो. दुखत नाही, कावीळ होत नाही, आणि रक्तातील एएलटी हे विकर किंवा सोनोग्राफी पाहिल्याशिवाय तो कळत नाही.

भारतातील आकडे बेफिकीर राहू देणारे नाहीत. २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी देशातील अभ्यास एकत्र करून मुलांतील प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास काढले. त्यात लठ्ठ मुलांवरचे अभ्यासही असल्याने हा आकडा सरसकट सर्व मुलांना लावता येत नाही. २०१६–१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मात्र ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड हा मेद जास्त आढळला, आणि हे सर्वेक्षण दवाखान्यातल्या नव्हे, घरातल्या मुलांचे होते. २०२५ मध्ये हैदराबादच्या माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांवरील अभ्यासात ८४ टक्क्यांच्या यकृतात मेद सापडला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला बैठ्या कामाचा, श्रीमंतीचा आजार ठरवले. ती बातमी खरी असली तरी तिने अर्धेच चित्र दाखवले.

उरलेले अर्धे चित्र पुण्यातून समोर आले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केईएममधून १९९३ साली पुण्याजवळच्या खेड्यांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्यात जन्मणाऱ्या बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो होते. पण वजनात इतके मागे असलेल्या मराठी बाळाच्या पाठीच्या कातडीखालचा मेद मात्र इंग्रज बाळाच्या जवळपास होता. म्हणजे आईच्या पोटात अर्धपोटी वाढलेले मूल स्नायूंवर काटकसर करते, मेदावर नाही. असे मूल पुढे स्वस्त पिष्टान्नाच्या वस्तीत वाढले, तर दिसायला हडकुळे असूनही त्याच्या यकृतात मेद साठू शकतो, आणि हडकुळ्या मुलाला फॅटी लिव्हर असेल अशी शंका कुणालाच येत नाही. यालाच पूरक पुरावा हैदराबादजवळच्या २९ खेड्यांतला. १९८७ ते १९९० दरम्यान राष्ट्रीय पोषण संस्थेने त्यांतील काही गावांत अंगणवाडीच्या पूरक आहाराची व्यवस्था केली होती. ती मुले किशोरवयात आली तेव्हा, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, त्यांच्यातील इन्शुलिन-रोध इतर गावांतल्या मुलांपेक्षा कमी होता. बालपणी मिळालेले साधे अन्न पुढच्या आयुष्यात चयापचयाचे रक्षण करू शकते, असा याचा अर्थ.

घराची गरिबी आणि वस्तीची गरिबी या येथे वेगळ्या ओळखायला हव्यात. घराची गरिबी म्हणजे हातात किती पैसे आहेत; वस्तीची गरिबी म्हणजे त्या पैशांत पाच मिनिटांच्या अंतरावर काय मिळते. नारायणगुड्यासारख्या मध्यवर्ती भागात हिमायतनगरची सदनिका आणि दोन गल्ल्यांपलीकडची बस्ती एकाच बाजाराजवळ असतात, पण त्यांचे अन्नविश्व वेगळे असते. बस्तीतल्या किराणा दुकानाच्या दारावर पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकतात. त्यांतले बरेचसे पदार्थ मैदा, पामतेल, मीठ आणि साखरेचे. त्याच पाच रुपयांत फळ येत नाही, आणि एकाच खोलीत राहणाऱ्या, दोन पाळ्यांत कामाला जाणाऱ्या आईबापांना भाजी चिरायला वेळ मिळत नाही. मैदान दूर, रस्ता वाहनांचा, म्हणून मूल घरात मोबाइलपुढे बसते. रेशनच्या तांदळाने भूक मिटवली ही त्याची मोठी कामगिरी; पण त्याच्या जोडीला डाळ, अंडी, तेलबिया आणि भाज्या तितक्या स्वस्त न झाल्याने ताटाचा तोल बिघडला. आनुवंशिकतेचाही वाटा आहे आणि काही जनुकांमुळे यकृतात मेद लवकर साठतो. मात्र एका पिढीत जनुके बदलत नाहीत, बाजार बदलतो.

वस्तीचा परिणाम खरोखर वेगळा काढता येतो, याचा एक भक्कम दाखला अमेरिकेतील आहे. १९९४ ते १९९८ दरम्यान पाच महानगरांतील अतिगरीब सरकारी वसाहतींत राहणाऱ्या ४,४९८ स्त्रियांना व त्यांच्या मुलांना सोडतीने निवडून काहींना कमी गरीब भागात राहायला जाण्यासाठी भाड्याचे साहाय्य देऊ केले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशी संधी मिळालेल्या स्त्रियांत अतिलठ्ठपणा आणि मधुमेह दहा-पंधरा वर्षांनी कमी आढळले. त्यात यकृताची तपासणी नव्हती. तरी जे विकार फॅटी लिव्हरची वाट मोकळी करतात ते पत्त्यानुसार कमी-जास्त होतात, एवढे त्यातून सिद्ध झाले.

भारत सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये मेदयुक्त यकृताचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, परंतु त्या कार्यक्रमाची नजर प्रामुख्याने प्रौढांवर आहे. तेलंगणाने २०१८ पासून उघडलेले बस्ती दवाखाने वस्तीच्या दारात पोहोचले आहेत, अंगणवाडी तर त्याहून जुनी, आणि शाळा दोहोंच्या मध्ये. हैदराबादच्या इतिहासाचा हिशेब केला तर प्लेगच्या वेळी मोहल्ला, उपासमारीच्या वेळी बस्ती हे मोजमापाचे घटक ठरले होते. फॅटी लिव्हरच्या बाबतीत मात्र मोजणी पुन्हा एकेका रुग्णाच्या रिपोर्टापाशी अडली आहे, आणि सोनोग्राफीचे पैसे ज्याच्याकडे आहेत त्याचाच आजार नोंदवला जातो. बस्तीनिहाय मुलांची उंची, कमरेचा घेर आणि एएलटीची नोंद ठेवणे यंत्रणेच्या आवाक्याबाहेरचे नाही. पितळी भांड्यांचा आजार नुसत्या उपदेशाने हटला नाही, स्टीलची भांडी घरोघर पोहोचल्यावर हटला; क्वाशिओरकोर आयांना दोष देऊन हटला नाही, अंगणवाडी, लस आणि रेशन आल्यावर हटला. तिसऱ्या आजाराच्या बाबतीतही ‘पोरांना पुड्या देऊ नका’ एवढे आईबापांना सांगून भागणार नाही. डाळ, अंडी, फळे आणि खेळायला जागा बस्तीत पुडीइतकीच सहज मिळू लागेपर्यंत हा आजार गरीब मुलांत वाढतच राहील.